वॉर्निंग गेली म्हणजे चूक गेली असं नाही

कर्नलचा कोड लिहिणाऱ्याच्या मागे त्याला सावरणारं कोणी नसतं. साध्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला तर कर्नल त्याला बंद करतो आणि बाकीचं यंत्र चालू राहतं. कर्नलनेच तसं केलं तर त्याला अडवणार कोण? चुकीच्या पत्त्यावर चार बाइट लिहिले जातात, तेव्हा काहीच दिसत नाही, आणि बिघाड उमटतो तो भलत्याच वेळी, भलत्याच ठिकाणी. म्हणून मेमरीतल्या चुका पकडणारं एखादं साधन काही सांगत असेल, तर त्याचं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घ्यायला हवं. ते अर्धवट ऐकलं तर काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. ड्रायव्हर आणि कर्नलच्या कामात नव्याने आलेल्यांना ते उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

एक रिपोर्ट आणि त्यावरची मलमपट्टी

पुण्यातल्या एका कंपनीत मी ड्रायव्हरच्या कामावर होतो. आमच्या यंत्रातलं कार्ड यंत्र बंद न करता काढून दुसरं घालता येई. प्रत्येक कार्डावर व्होल्टेज मोजणारी एक चिप होती. तिचा ड्रायव्हर दर ५० मिलिसेकंदांनी आय-टू-सी बसवरून आकडे वाचून एका स्ट्रक्चरमध्ये लिहून ठेवी. हे वाचन ‘डिलेड वर्क’ म्हणून कर्नलच्या वर्कक्यूवर चाले आणि फेरी संपताना पुढची फेरी स्वतःच लावून जाई. कार्ड काढलं की ड्रायव्हरचं ‘रिमूव्ह’ फंक्शन चाले आणि ते स्ट्रक्चर ‘केफ्री’ करून मोकळं करी.

टेस्टिंगमध्ये कार्ड काढताना केसॅनचा रिपोर्ट आला. केसॅन म्हणजे कर्नल अॅड्रेस सॅनिटायझर. रिपोर्टच्या मथळ्यात ‘यूज-आफ्टर-फ्री’ आणि वर्कच्या फंक्शनचं नाव होतं. रिलीज तोंडावर आलेली. ज्या गटाकडे ड्रायव्हर होता त्याने मथळा वाचला आणि मथळ्यात नाव असलेल्या फंक्शनमध्येच उपाय केला. ‘आता बंद होतंय’ असा एक फ्लॅग स्ट्रक्चरमध्ये आला, वर्क सुरू होताना तो तपासला जाऊ लागला, आणि केफ्रीच्या आधी १०० मिलिसेकंद थांबायचं ठरलं. मग कार्ड पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. “वॉर्निंग येत नाही आता, मर्ज करून टाकू,” असं म्हणून विषय संपला.

पुढे काही महिन्यांनी ग्राहकांकडची यंत्रं अधूनमधून कोसळू लागली. क्रॅश दिसे फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये. डिस्क बदलून झाल्या, फाइलसिस्टिममध्ये अलीकडे आलेल्या पॅचवर संशय घेऊन झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला या शोधात घेतलं तोवर बऱ्याच लोकांचा बराच वेळ गेला होता. शेवटी एका सहकाऱ्याने जुन्या टेस्टच्या नोंदींतून तो केसॅनचा रिपोर्ट उकरून काढला. चूक नेमकी कुठे आहे ते त्यात आधीच लिहिलेलं होतं. कोणी मथळ्याच्या खाली वाचलं नव्हतं, एवढंच.

झालं होतं असं. आमच्या टेबलावर चिप लगेच उत्तर देई, म्हणून १०० मिलिसेकंद पुरत. ग्राहकाकडच्या मांडणीत त्याच बसवर आणखी एक चिप होती. ती मधूनच क्लॉक अडवून धरी आणि आमचं वाचन लटकून पडे. फ्लॅग तपासून आत शिरलेलं वर्क बसच्या उत्तराची वाट पाहत असतानाच रिमूव्हची मुदत संपे आणि मेमरी मोकळी होई. तेवढ्याच आकाराची मेमरी मागणाऱ्या फाइलसिस्टिमला कर्नल तोच तुकडा देई. नंतर जागं झालेलं वर्क आपले व्होल्टेजचे आकडे तिथे लिहून जाई. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूने जुन्या किल्लीने आत शिरून नव्या बिऱ्हाडाच्या सामानाची उलथापालथ करावी, तसा हा प्रकार.

फ्लॅगचा तर आधारच चुकीचा होता. तो फ्लॅग त्याच स्ट्रक्चरमध्ये राहत होता. मेमरी सुटल्यावर वर्क सुरू झालं, तर फ्लॅग वाचणं हेच यूज-आफ्टर-फ्री. ‘झोप’ घालून शर्यत संपत नाही. ती टेस्टिंगच्या टेबलावरून उठून ग्राहकाच्या घरी जाते.

साधन काय पाहतं

केसॅन मुख्य लिनक्स कर्नलमध्ये २०१५ साली ४.० आवृत्तीत आला. त्याची रीत सरळ आहे. मेमरीच्या दर ८ बाइटांमागे १ बाइट ‘शॅडो’ म्हणून बाजूला ठेवला जातो, म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा त्यातच जातो. शॅडोचा बाइट शून्य असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे. १ ते ७ असेल तर सुरुवातीचे तेवढेच मोकळे. बाकीच्या खुणा निषिद्ध भागाच्या. कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वाचना-लेखनाआधी शॅडोची तपासणी जोडतो. मेमरीच्या तुकड्याशेजारी ‘रेडझोन’ नावाचा वर्ज्य पट्टा ठेवला जातो, त्यामुळे सीमेबाहेरचं पाऊल पकडता येतं. मोकळा केलेला तुकडा लगेच दुसऱ्याला न देता काही काळ ‘क्वारंटाइन’मध्ये ठेवला जातो, त्यामुळे उशिरा आलेला वापर सापडतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. केसॅन जे दाखवतो ते त्या क्षणी खरोखर घडलेलं असतं, अंदाज नसतो. आणि जे घडलंच नाही, ते त्याला दिसत नाही. क्वारंटाइनही कायमचं नसतं. तुकडा त्यातून बाहेर पडून दुसऱ्याला मिळाला की तो वैध मेमरी होतो, आणि जुन्या मालकाची घुसखोरी केसॅनच्या नजरेतून सुटू शकते. वॉर्निंग न येणं हा चूक नसल्याचा पुरावा नव्हे, तो यासाठी.

रिपोर्ट कसा वाचावा

पहिला नियम: बूट झाल्यापासूनचा पहिला रिपोर्ट वाचा. केसॅन एरवी पहिल्या रिपोर्टनंतर गप्पच होतो. ‘केसॅन मल्टी शॉट’ चालू केलं असेल तर पुढचेही दिसतात, पण एकदा मेमरी बिघडली की पुढच्या तक्रारी बहुतेकदा त्याच बिघाडाची पिल्लं असतात.

दुसरा नियम: कच्चे पत्ते घेऊन विचार करू नका. कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये ‘डिकोड स्टॅकट्रेस’ ही स्क्रिप्ट आहे. नेमक्या त्याच बिल्डचं ‘व्हीएमलिनक्स’ तिला दिलं की प्रत्येक पत्त्याजागी फाइल आणि ओळ मिळते. बिल्ड दुसरं असेल तर ओळी चुकीच्या निघतात आणि दिवस वाया जातो. म्हणून रिपोर्टसोबत बिल्डही जपून ठेवा.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. यूज-आफ्टर-फ्रीच्या रिपोर्टमध्ये तीन स्टॅक असतात: वापर कुठे झाला, मेमरी कोणी घेतली आणि कोणी सोडली. मथळ्यात नाव येतं ते फक्त वापरणाऱ्याचं, आणि वापरणारा पुष्कळदा निर्दोष असतो. आमच्याच प्रकरणात वर्क चालू नसून नुसतं वेळेची वाट पाहत असतं, तर मथळ्यात ड्रायव्हरचं नाव न येता कर्नलच्या टायमरचं आलं असतं, कारण मोकळ्या झालेल्या स्ट्रक्चरमधल्या टायमरला हात तोच लावतो. असा मथळा पाहून “हा कर्नलचाच बग दिसतोय” म्हणून सोडून देणारे मी पाहिले आहेत. तिन्ही स्टॅक एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. सोडणारा धागा आणि वापरणारा धागा वेगळे असतील, तर दोघांमध्ये थांबण्याचा करार कुठे असायला हवा होता, तो शोधा.

शेवटी मेमरीच्या अवस्थेचा तक्ता असतो, त्यात चुकीच्या जागेखाली बाण. तिथे ‘एफबी’च्या रांगा असतील तर तो सोडलेला तुकडा, ‘एफसी’ असेल तर रेडझोन. त्यावर एक ओळ असते: पत्ता तुकड्याच्या सुरुवातीपासून किती बाइट आत आहे. तो आकडा घेऊन ‘पाहोल’ने स्ट्रक्चरची मांडणी पाहिली की नेमकं कोणतं फील्ड वाचलं-लिहिलं जात होतं ते कळतं. आम्ही हे केलं तेव्हा बाणाच्या जागी सापडलं ते व्होल्टेजचंच फील्ड.

खरी दुरुस्ती

दुरुस्ती वर्कच्या फंक्शनमध्ये नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं होतं. खरी जागा रिमूव्हमध्ये, केफ्रीच्या आधी. तिथे ‘कॅन्सल डिलेड वर्क सिंक’ हवं होतं. ते रांगेत थांबलेलं वर्क काढून टाकतं, चालू असलेलं पूर्ण होईपर्यंत थांबतं, आणि स्वतःला पुन्हा रांगेत लावणाऱ्या वर्कलाही पुरून उरतं. फ्लॅग आणि झोप दोन्ही काढून टाकली.

पण ही एक ओळ टाकून हात झटकू नका. आधी नवं काम जन्माला घालणारे मार्ग बंद करायचे, मग चालू काम संपवायचं, मग मेमरी सोडायची, हाच क्रम हवा. इंटरप्ट जिवंत असेल तर कॅन्सल केल्यानंतरही तो नवं वर्क लावू शकतो. ‘डेव्हएम’च्या फंक्शनांनी घेतलेल्या गोष्टींत हा घात हमखास होतो. त्या रिमूव्ह संपल्यानंतर, घेतल्याच्या उलट क्रमाने सुटतात. म्हणजे डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह चालू असताना जागाच असतो. अशा वेळी कॅन्सलसुद्धा डेव्हएमच्या साखळीत घालावं, आणि इंटरप्ट मागण्याच्या आधी घालावं, म्हणजे सुटताना इंटरप्ट आधी जाईल, मग वर्क, मग मेमरी. आणखी एक सावधगिरी: रिमूव्ह जे लॉक धरून थांबतं तेच लॉक वर्कला हवं असेल, तर दोघे कायमचे अडकतील. ‘लॉकडेप’ चालू ठेवून टेस्ट केलीत तर ते आधी कळेल.

स्ट्रक्चर अनेकांच्या हातात असेल तर ‘केरेफ’ने मोजदाद ठेवा. आरसीयूखाली वाचणारे असतील तर ‘केफ्री आरसीयू’ वापरा. सोडल्यावर पॉइंटर नल करणं हा यावरचा उपाय नाही. त्याने तुमच्या हातातली प्रत पुसली जाते, दुसऱ्याच्या हातातली तशीच राहते.

दुरुस्ती झाली, पण पोचली नाही

दुसरी काळजी दुरुस्ती झाल्यानंतरची, आणि त्यासाठी अँड्रॉइडमधल्या ‘बाइंडर’ ड्रायव्हरचं उदाहरण प्रत्येकाने वाचावं. बाइंडर आपल्या थ्रेडच्या स्ट्रक्चरमध्येच एक वेटक्यू ठेवी. ‘ईपोल’ने त्या वेटक्यूकडे पॉइंटर धरून ठेवलेला असतानाच थ्रेड बंद करता येई आणि स्ट्रक्चर सुटे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सिझकॉलर या फझरने हे शोधलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ४.१४च्या दीर्घकालीन कर्नलमध्ये दुरुस्ती आली. पण ती सुरक्षेची दुरुस्ती म्हणून नोंदली गेली नाही, तिला सीव्हीई क्रमांक मिळाला नाही, आणि वापरात असलेल्या पुष्कळ फोनांत ती पोचलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने तीच चूक प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असल्याचे संकेत मिळाल्याचं जाहीर केलं. तेव्हा कुठे तिला सीव्हीई-२०१९-२२१५ हा क्रमांक मिळाला.

म्हणून पॅचच्या संदेशात पूर्ण रिपोर्ट द्या, कारण लिहा, चूक आणणारा कमिट शोधून ‘फिक्सेस’ची ओळ जोडा, आणि जुन्या स्थिर आवृत्त्यांना ती लागू आहे का ते सांगा. ‘वॉर्निंग दुरुस्त केली’ एवढंच लिहिलेला पॅच दुसऱ्या कोणाला महत्त्वाचा वाटतच नाही.

बाकीची साधनं आणि गप्प करण्याचा मोह

प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा, म्हणून ऐकण्याची रीतही वेगळी. २०२२च्या अखेरीस ६.१ आवृत्तीत आलेला केएमसॅन आरंभीची किंमत न दिलेली मेमरी पकडतो. एका स्ट्रक्चरमध्ये आधी एक बाइटाचं फील्ड आणि मग आठ बाइटांचं असेल, तर मध्ये सात बाइटांची मोकळी जागा राहते. तुम्ही प्रत्येक फील्ड नीट भरलंत तरी ते सात बाइट जुनेच राहतात, आणि स्ट्रक्चर जसंच्या तसं यूजरकडे कॉपी केलं की कर्नलमधला मजकूर बाहेर जातो. केएमसॅन कोणते बाइट तेही सांगतो. “फील्ड तर सगळी भरली आहेत” म्हणून त्याला खोटं ठरवू नका. आधी ‘मेमसेट’ने सगळं शून्य करा, मग भरा.

के-मेम-लीकचं तसं नाही. तो मेमरीत पॉइंटर शोधत फिरतो आणि ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही त्याला हरवलेलं समजतो. नुसता भौतिक पत्ता जपून ठेवला असेल तर तो चुकू शकतो. एका स्कॅनवर निकाल देऊ नका. यादी ‘क्लिअर’ करा, टेस्ट चालवा, दोनदा स्कॅन करा, आणि तरीही राहिलं तर त्याच्यामागे लागा. डेटा रेस पकडणाऱ्या केसीसॅनला गप्प करण्यासाठी ‘डेटा रेस’ हा मॅक्रो आहे. तो वापरलात तर ही रेस निरुपद्रवी का, ते शेजारी लिहा. लिहिता येत नसेल तर ती निरुपद्रवी आहे हे तुम्हालाच ठाऊक नाही.

गप्प करणं कधी रास्त असतंच. ‘एसटीआरएसकॉपी’ स्ट्रिंग शब्दाशब्दाने वाचताना शेवटाच्या पुढचे काही बाइट मुद्दाम वाचते. दुसऱ्या टास्कचा स्टॅक वाचणारा अनवाइंडरही केसॅनच्या तपासणीशिवाय वाचतो. या सवलती अरुंद आहेत, एका वाचनापुरत्या. अख्खी फाइल मेकफाइलमधून केसॅनच्या बाहेर काढणं ही तशी सवलत नव्हे.

कारण न कळता गप्प केल्याची किंमत काय, ते डेबियनने जगाला दाखवलं. व्हॅलग्राइंड आणि प्युरिफाय ही साधनं ओपनएसएसएलमध्ये आरंभ न केलेली मेमरी वापरल्याची तक्रार करत. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमधल्या दोन ओळी त्यासाठी बंद केल्या गेल्या. दिसायला दोन्ही सारख्या, पण त्यातली एक यादृच्छिकतेचा खरा मजकूर आत घेणारी होती. तक्रार थांबली. मे २००८ मध्ये उघड झालं की त्या काळात बनलेल्या किल्ल्यांमध्ये फरक करणारी गोष्ट जवळपास प्रोसेस क्रमांकापुरती उरली होती, म्हणजे ३२,७६८ शक्यता. जगभरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

टीमसाठी चार गोष्टी

रोजच्या टेस्टमध्ये केसॅनचं वेगळं बिल्ड ठेवा, आणि त्यात ‘पॅनिक ऑन वॉर्न’ चालू करा. म्हणजे रिपोर्ट आला की टेस्ट नापास होईल आणि कोणाला तो ओलांडून पुढे जाता येणार नाही. केसॅन ग्राहकाच्या यंत्रावर सहसा परवडत नाही, पण २०२१ मध्ये ५.१२ आवृत्तीत आलेला के-फेन्स परवडतो. तो मोजक्याच मेमरी-मागण्यांवर पहारा ठेवतो, त्याच्या मूळ मांडणीत त्याला साधारण २ एमबी पुरतात. एका यंत्रावर तो क्वचितच बोलेल. हजारो यंत्रांवर ठेवला तर कोणी ना कोणी नक्की सांगेल. प्रत्येक रिपोर्टला नोंद क्रमांक द्या, आणि कारण लिहिल्याशिवाय तो बंद करू देऊ नका. दुरुस्ती तपासताना वेळा बदलून पाहा: वर्कच्या मध्ये मुद्दाम लांब विलंब घाला, बस अडवा, भार वाढवा. जी दुरुस्ती फक्त ठरावीक वेगात टिकते, ती दुरुस्ती नव्हे.

आणि पॅच पाठवण्याआधी स्वतःला एवढं विचारा: ही मेमरी कोणाची, कधीपर्यंत, आणि ती सोडली तेव्हा तिच्याकडे बोट दाखवणारं आणखी कोण उरलं होतं? याचं उत्तर दोन वाक्यांत लिहिता आलं तर पॅच जरूर पाठवा. लिहिता आलं नाही, तर वॉर्निंग येवो वा न येवो, तो रिपोर्ट उघडा आणि मथळ्याच्या खालच्या ओळीपासून वाचायला बसा.